उतार बघून

पुण्याहून गुहागरला जायला रस्ते बरेच. कुणी कुंभार्ली घाटाने चिपळूण गाठतं, कुणी ताम्हिणीने खाली उतरतं. आमच्या थोरल्या साडूंनी मात्र नकाशावर बोट ठेवून एवढंच विचारलं, "चहाला थांबायचं तिथे उतार आहे का?"

त्यांची गाडी सेल्फ घेत नव्हती. म्हणजे घ्यायची, पण मर्जी असेल तेव्हा. सकाळी अर्ध्या किल्लीत चालू. तासभर पळवून बंद केली की नुसतं 'टक्'. मग खाली उतरा, बाह्या सरसावा आणि ढकला.

"आता मात्र काळजी नाही," निघताना ते म्हणाले. "गाडीत जुनं असं काही ठेवलेलंच नाही." आणि त्यांनी बिलांची फाईल माझ्या मांडीवर ठेवली. तारीखवार, पंच करून लावलेली. क्लचप्लेट बदलली तेव्हापासून हे दुखणं सुरू झालं होतं. त्यानंतर बॅटरी. मग सेल्फचे कार्बन. मग अख्खा सेल्फच. मग अल्टरनेटर. मग किल्लीचा स्विच, त्यामुळे आता गाडी एका किल्लीने चालू व्हायची (झालीच तर) आणि दारं दुसऱ्या किल्लीने उघडायची. शिवाय क्लचची वायर, दोनदा.

"कुणी मीटर लावून बघितलं का?"

"अहो, पार्टच नवा टाकला की मीटरला बघायला राहतंय काय?"

यावर मी गप्प बसलो, कारण गाडी त्यांची होती आणि डबा ताईंनी केला होता. पण नवा भाग बसवण्यातली मेख अशी की त्याच्यावरचा संशय एकदम उठतो, आणि तो बसवताना कायकाय सोडलं होतं ते कुणी विचारत नाही. बिल भागाचं होतं. सोडलेल्या बोल्टांचं बिल कोण करतो?

ताम्हिणीत पावसाळा नुकताच ओसरला होता. धबधबे बारीक झाले होते, पण फोटो काढणारे तेवढेच होते. आम्ही एकाही धबधब्यापाशी थांबलो नाही. जिथे धबधबा तिथे सपाट जागा आणि जिथे उतार तिथे वळण, असा त्या घाटाचा दुष्ट स्वभाव आहे. विळ्याच्या अलीकडे मागच्या सीटवरून ताई म्हणाल्या, "काहीतरी जळल्याचा वास येतोय. प्लास्टिकसारखा."

"घाट आहे. ब्रेक तापतात," साडू म्हणाले.

"ब्रेकचा वास मला कळतो."

हा संवाद तिथेच संपला. पंचवीस वर्षांच्या संसारात असे संवाद कुठे संपवायचे हे दोघांनाही पक्कं ठाऊक झालेलं असतं.

महाडला पेट्रोल भरायला गाडी बंद करावी लागली. किल्ली फिरवली, टक्. पंपावरच्या पोरांनी ढकलत समोरच्या गॅरेजपर्यंत पोचवली. तिथल्या मेकॅनिकने बोनेट न उघडताच निदान केलं, "बॅटरी उतरली." त्या वेळी आमचे हेडलाइट चालू राहिले होते आणि भर दुपारी समोरच्या शटरवर त्यांचा उजेड दिसत होता. पण बॅटरी काढून चार्जिंगला लावली गेली.

तेवढ्यात आम्ही चवदार तळं पाहून आलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ज्या पाण्याला हात घातला ते पाणी बघून माणूस थोडा वेळ तरी गाडीबिडी विसरतो. परत येईपर्यंत दोन तास झाले होते. बॅटरी बसवली, किल्ली फिरवली, गाडी चालू. मेकॅनिकने आमच्याकडे असं पाहिलं की साडूंनी त्याला पन्नास रुपये वर दिले. दोन तासांत इंजिन गार झालंय, ही गोष्ट कुणाच्याच हिशेबात नव्हती. गाड्यांच्या दुनियेत निम्मं नाव काळानेच कमावलेलं असतं.

कशेडीला आता बोगदा झाला आहे. साडूंनी तरीही जुना घाटच धरला. "बोगद्यात बंद पडली तर ढकलणार कुठे?" हा मुद्दा बिनतोड होता. खेडला जेवायला थांबलो, निघताना पुन्हा टक्. तिथल्या कारागिराने सेल्फवर हातोडीच्या दांड्याने दोन ठोके दिले. "सोलेनॉईड जॅम होतोय. नवीन टाका." हा सोलेनॉईड महिन्यापूर्वीच नवा टाकला होता, हे फाईल उघडून दाखवल्यावर तो म्हणाला, "मग तोच खराब निघाला असणार." नव्या भागावर संशय घेणारा हा पहिला माणूस, पण नेमका चुकीच्या भागावर! या वेळी गाडी धक्क्यावर चालू झाली. तिसरा गिअर, क्लच दाबून ठेवायचा, वेग आला की सोडायचा. मी मागून ढकलत होतो आणि क्लच जड झाल्याची तक्रार पुढून ऐकू येत होती.

दापोलीला साडूंनी मनाजोगता उतार शोधला, बंद न करताच चहा मागवला आणि काचेतून प्यायला.

दाभोळची फेरीबोट ही सगळ्या बेतातली अवघड जागा होती, कारण बोटीवर इंजिन बंद करावंच लागतं. वाशिष्ठीची खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि समोरच्या धोपाव्याच्या धक्क्यावर उतार आहे, पण तो उलटा. म्हणजे बोटीतून बाहेर पडताना चढ. आणि मागे पाणी. मी कठड्याला टेकून साडूंना अफनासी निकितिनची गोष्ट सांगितली. पंधराव्या शतकात हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि पुढे परत दिला. मायदेशी जाताना निकितिनने जहाज धरलं ते याच दाभोळहून.

"घोड्याला सेल्फ नसतो," साडू एवढंच म्हणाले.

गाडी सगळ्यात पुढे लागली होती. फळी पडली, किल्ली फिरली, टक्. मागे सिमेंटचा टेम्पो, नवऱ्यामुलाची फुलं लावलेली गाडी आणि दहाबारा मोटारसायकली. हॉर्न सुरू झाले. खलाशांनी चढावर ढकलून पाहिलं. गाडी चार हात वर गेली आणि तितकीच खाली आली. तेवढ्यात पलीकडच्या वडापच्या जीपमधून एक ड्रायव्हर उतरला, तोंडातली तंबाखू खाडीत टाकली आणि म्हणाला, "लाइट लावा."

लाइट लावले. लख्ख.

"आता सेल्फ मारा." टक्. लाइट तसूभर मंद झाले नाहीत.

"बॅटरी मस्त हाय. करंट सेल्फला पोचतच नाय." हेडलाइटचा एक दिवा पाचेक अँपिअर खातो, सेल्फला सुरुवातीला शंभराच्या वर लागतात. दिवे बॉडीतून परतीचा रस्ता घेतात, सेल्फ इंजिनातून. एक रस्ता उघडा आणि दुसरा बंद असू शकतो. मीटर असतं तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला लावून सेल्फ मारायचा. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं की चोर सापडला. ड्रायव्हरकडे मीटर नव्हतं. त्याने बोनेटखाली हात घातला, क्लचच्या वायरला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"तापलीय."

वायरचं काळं कव्हर एका जागी फुगून चकाकत होतं. ताई बाहेर आल्या, वाकून वास घेतला आणि नवऱ्याकडे बघितलं. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ड्रायव्हरने जीपमधून जंपर केबल आणली. लाल तशीच गुंडाळून ठेवली. काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या एका बोल्टला पकडवलं. "मारा आता." पहिल्या फेऱ्यातच इंजिन गरजलं. नवऱ्यामुलाच्या गाडीतून टाळ्या आल्या.

गाडी धक्क्यावर चढवून तो खाली सरपटला. गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी नुसतीच लोंबत होती. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा सोडलेली ती पुन्हा लावायची राहून गेली होती. तेव्हापासून सेल्फचा सगळा करंट क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या तारांतून वाट काढत होता. सकाळी गारव्यात कसाबसा निभायचा. तारा तापल्या की त्या आणखी अडवायच्या, आणि त्यातच क्लचच्या दोन वायरी जळल्या. त्याने पट्टीचं टोक पॉलिश पेपरने घासलं, बोल्टाखालचा गंज खरवडला आणि पान्याने बोल्ट आवळला. पैसे घेईना. शेवटी तंबाखूच्या पुडीवर तोडगा निघाला.

साडू त्या पट्टीकडे बराच वेळ बघत होते. मग फाईल बगलेत धरून त्यांनी खालच्या आवाजात ड्रायव्हरला विचारलं, "ही नवीन मिळेल ना गुहागरला?"

"कशाला? चांगली हाय ती."

"नाही, पण जुनी आहे."