अटकेपार जाण्यासाठी लागणारी कागदपत्रे

अटकेपार जाणे मराठीत फार सोपे आहे. दौंड तालुक्यातील पाटसचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला की चौकात फ्लेक्स चढतो. वर नेत्यांचे डझनभर फोटो, मध्ये शुभेच्छुकांची नावे, खाली कोपऱ्यात खुद्द मुलगा आणि आडव्या ठळक अक्षरांत ‘अटकेपार झेंडा’. पुणे पाटसपासून साठेक किलोमीटर आहे. मुलगी स्पर्धा परीक्षा पास होऊन नागपूरला रुजू झाली तरी अटकेपार, आणि कुणाची गूळपावडर दुबईला गेली तरीही अटकेपार. झेंड्याचा हा खप पाहता, प्रत्यक्षातल्या अटकेला जायचे झाल्यास पाटसच्या रहिवाशाला काय काय लागेल, याची एकत्रित माहिती उपलब्ध असणे सोयीचे ठरेल.

अटक हे ठिकाण पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात, सिंधू नदीच्या डाव्या काठावर आहे. तिथला किल्ला अकबराने १५८१ ते १५८३ या काळात बांधून घेतला. सिंधू ओलांडली की धर्म बुडतो, अशी जुनी समजूत असल्याने अटकेपार जाण्यास शास्त्राची मनाई होती. म्हणजे या प्रवासावर निर्बंध नव्हते असा काळच सापडत नाही. आधी शास्त्री अडवत, आता दोन देशांची गृहखाती अडवतात. नदी तेवढी तीच आहे.

या मार्गावरचा सर्वांत गाजलेला मराठी गट १७५८ सालचा. रघुनाथराव पेशवे त्या वर्षीच्या एप्रिलात लाहोरला पोचले आणि तुकोजी होळकर, साबाजी शिंदे यांच्या फौजा पुढे अटकेच्या मुलखात गेल्या. आजच्या नियमांनी पाहिले तर या गटाची बरीच कागदपत्रे पूर्ण होती. व्हिसाला स्थानिक यजमानाचे निमंत्रण लागते. ते पंजाबच्या अदिना बेग खानाने दिले होते आणि वर, कूच केल्यास दिवसाला एक लाख व मुक्काम केल्यास पन्नास हजार रुपये असा भत्ताही कबूल केला होता. असा यजमान हल्लीच्या कोणत्याही अर्जदाराला मिळत नाही. अर्ज अडला असता तो बँकेच्या खाते उताऱ्यावर, कारण रघुनाथरावांच्या मोहिमा शिलकीपेक्षा कर्जासाठीच अधिक प्रसिद्ध आहेत. पुढे सप्टेंबर १७५८ मध्ये यजमानच वारला, १७५९ मध्ये अब्दाली परत आला आणि मुक्काम संपला. झेंडा अटकेला राहिला काही महिने. वाक्प्रचारात त्याला अडीचशेहून अधिक वर्षे झाली.

आजच्या अर्जदाराला पहिल्यांदा पासपोर्ट लागतो. तो १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार मिळतो. ३६ पानी पुस्तिकेची फी १,५०० रुपये आहे आणि तत्काळ हवा असल्यास आणखी २,००० पडतात. अर्ज ऑनलाइन भरून ठरल्या वेळी पुण्याच्या मुंढव्यातील पासपोर्ट सेवा केंद्रात जावे लागते. तिथे पाटसच्या माणसाला पहिला धडा मिळतो तो असा की, आपण एक नसून तीन माणसे आहोत. दहावीच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि नाव नंतर, आधारवर वडिलांच्या नावापुढचा ‘राव’ गायब, आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाचा असा अवतार की तो तलाठ्यालाच ओळखू यावा. या तिघांचा समेट घडवायला प्रतिज्ञापत्र लागते. ‘मीच तो’ असे स्टँप पेपरवर लिहून दिल्याखेरीज सरकारी दप्तरात माणसाला स्वतःची ओळख पटत नाही.

त्यानंतर पोलीस पडताळणी. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर खरोखर राहतो का, हे यवत पोलीस ठाण्याच्या हद्दीत तपासले जाते. अर्जदार कुठे राहतो, कुणाकडे जातो, उसाचे बिल कधी जमा झाले आणि ते कुठे संपले, हे पाटसच्या एसटी थांब्यावरच्या कुठल्याही चहावाल्याला ठाऊक असते. पण त्याच्या सांगण्याला शिक्का नसतो, म्हणून पडताळणी लागते.

दहावी न झालेल्या अर्जदाराच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ असा शेरा येतो. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालच्या या शेऱ्याचा अर्थ असा, की ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचे तर सरकारची मंजुरी घ्यावी. अशिक्षित कामगाराची परदेशी फसवणूक होऊ नये, हा हेतू चांगला आहे. या यादीत सौदी अरेबिया, कुवेत, इराक, लिबिया, येमेन आहेत. मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंडही आहेत. पाकिस्तान नाही. दहावी नापास माणूस बँकॉकला कामाला निघाला तर सरकारला काळजी वाटते. तो लाहोरला कामाला जाईल अशी शंका यादी करणाऱ्यांच्या मनाला शिवलेली नाही.

पासपोर्ट हाती आला की व्हिसा. मुंबईत पाकिस्तानचा वाणिज्य दूतावास नाही, त्यामुळे सगळा व्यवहार दिल्लीच्या उच्चायुक्तालयाशी. जगातले बहुतेक देश देशाचा व्हिसा देतात. भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या नागरिकांना गावांचा व्हिसा देत आले. ८ सप्टेंबर २०१२ रोजी इस्लामाबादला झालेल्या करारानुसार, नातेवाइकांना किंवा मित्रांना भेटायला जाणाऱ्याला जास्तीत जास्त पाच ठिकाणांची नावे व्हिसावर मिळू शकतात. पूर्वी तीनच मिळत, म्हणून ही सवलत उदार समजली गेली. व्हिसावर लिहिलेल्या गावाबाहेर पाऊल टाकता येत नाही. पोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांत नोंद करायची आणि निघण्याआधी पुन्हा कळवायचे. हीच पद्धत दौंड तालुक्याला लावली, तर पाटसचा व्हिसा असलेल्या पाहुण्याला वरवंडला चहा प्यायलाही वेगळा शिक्का लागेल, आणि कुरकुंभच्या देवीचे दर्शन पुढच्या दौऱ्यावर ढकलावे लागेल.

एकट्यादुकट्या पर्यटकाची या करारात सोयच नाही. पर्यटन करायचे तर गटाने: किमान दहा, जास्तीत जास्त पन्नास माणसे, सरकारमान्य सहल कंपनीमार्फत, तीस दिवसांसाठी. पाटसला दहा माणसे जमवणे अवघड नाही. अष्टविनायकाची बस तासाभरात भरते आणि वर चार जण टपावर बसायला तयार असतात. अडचण अशी, की गट पर्यटनाचे हे कलम कागदावरच राहिले. पासष्टी ओलांडलेल्यांना सीमेवरच व्हिसा देण्याचेही ठरले होते. भारताने अटारीला ही सोय सुरू करण्यासाठी १५ जानेवारी २०१३ हा दिवस ठरवला होता. ताबारेषेवरच्या तणावामुळे ती त्याच दिवशी स्थगित झाली. ज्यांच्यासाठी ही सोय होती, त्यांना थांबण्याचा सल्ला देणे वयाच्या दृष्टीने फारसे सयुक्तिक नव्हते.

आरोग्याची अट एकच आणि ती लहान मुलांची आहे. पाकिस्तानात पोलिओ अजून संपलेला नाही. भारताने २०१४ पासून अशा देशांत ये-जा करणाऱ्यांना पोलिओचा डोस सक्तीचा केला आणि तो प्रवासाआधी किमान चार आठवडे घ्यावा असे ठरवले. त्याच वर्षी २७ मार्चला भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळाले. म्हणून अटकेपार झेंडा लावू इच्छिणाऱ्या साठ वर्षांच्या बागायतदाराने टोपी काढून, आ वासून, जिभेवर दोन थेंब घ्यायचे असतात. मोहिमेची सुरुवात त्यातल्या त्यात येथेच होते.

मार्गाबद्दल बोलायचे तर पाटसचे रेल्वे स्टेशन सोयीचे आहे, पण तेवढ्यापुरतेच. पुण्याहून जम्मूकडे जाणाऱ्या गाडीचे नाव झेलम एक्स्प्रेस. पंजाबच्या नदीचे नाव घेतलेली ही गाडी दौंडमार्गे जाताना पाटस स्टेशनातून न थांबता निघून जाते. दौंडला ती पकडून जालंधरपर्यंत जावे, तिथून अमृतसर, आणि पुढे अटारी. अटारीपासून लाहोरला जाणारी समझोता एक्स्प्रेस २२ जुलै १९७६ रोजी सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडली. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी ज्या बसने लाहोरला गेले, ती दिल्ली-लाहोर बससेवाही २०१९ मध्ये थांबली. दोन्ही देशांत थेट विमान नाही. राहिला रस्ता, तोही २०२५ मध्ये बंद झाला.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला; त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. दुसऱ्या दिवशी भारताने अटारीची तपासणी चौकी बंद केली, सार्क व्हिसा सवलत पाकिस्तानी नागरिकांपुरती रद्द केली आणि पाठोपाठ आपल्या नागरिकांना पाकिस्तानला जाणे टाळण्यास सांगितले. पाकिस्ताननेही वाघा बंद केले, भारतीयांची सार्क सवलत थांबवली आणि भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. त्यामुळे व्हिसा मिळालाच, तर मुंबईहून दुबई आणि दुबईहून इस्लामाबाद हा मार्ग उरतो. उत्तरेला जायचे म्हणून आधी पश्चिमेला जायचे आणि समुद्र ओलांडायचा. जुन्या शास्त्रानुसार सिंधू ओलांडण्याच्या पापाआधी समुद्रोल्लंघनाचे पाप पदरात पडते. प्रायश्चित्त एकत्र घेतल्यास खर्च वाचतो.

धोक्याची मोजदाद करण्यात अमेरिकेचा हात कुणी धरणार नाही. तिच्या परराष्ट्र खात्याने २०१८ पासून जगातल्या देशांना चार पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पाकिस्तान तिसऱ्या पायरीवर आहे: जाण्याचा फेरविचार करा. खैबर पख्तुनख्वा आणि बलुचिस्तान हे प्रांत मात्र चौथ्या पायरीवर, म्हणजे जाऊच नका. पंजाब आणि खैबर पख्तुनख्वा यांच्यातली हद्द अटकेपाशी सिंधू नदीच आहे. तेव्हा वॉशिंग्टनच्या हिशेबाने अटक ही तिसरी पायरी आणि अटकेपार ही चौथी. शनिवारवाड्याने जे अंतर वाक्प्रचारात बसवले, ते अमेरिकेने तक्त्यात बसवले.

याच तक्त्यात भारत दुसऱ्या पायरीवर आहे आणि विशेष काळजी घ्यायच्या भागांत नक्षलवादामुळे पूर्व महाराष्ट्राचे नाव आहे. गडचिरोली आणि पाटस यांच्यात जवळजवळ सगळा महाराष्ट्र आहे. पण हे न्यू जर्सीहून मामाच्या गावी येणाऱ्या भाच्याच्या बायकोला पटत नाही. ती येण्याआधी विमा काढते, लसी घेते, बाटलीबंद पाण्याची चौकशी करते. पाटसला तिला प्रत्यक्षात एकच सीमा ओलांडावी लागते: पुणे-सोलापूर महामार्गावरचा टोलनाका. तिथे फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, आणि नाक्याच्या वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना मासिक पासाची सवलत मिळते. हा पास मिळवायला पुन्हा आधार आणि रहिवासाचा पुरावा लागतो. तिथेही ‘राव’ आडवा येतो.

एवढे होऊनही अटकेला पोचण्याची एक वाट उघडी राहते, आणि ती भक्तीची आहे. १९७४ मध्ये दोन्ही देशांनी धार्मिक स्थळांच्या भेटींचा वेगळा करार केला. त्यात नंतर पाकिस्तानातील १५ आणि भारतातील ५ स्थळे आली. हसन अब्दालचा गुरुद्वारा पंजा साहिब हे त्यांपैकी एक, आणि हसन अब्दाल अटक जिल्ह्यात मोडते. २०२५ च्या एप्रिलात पाकिस्तानने सवलती थांबवल्या तेव्हा शीख यात्रेकरूंचा अपवाद केला, आणि नोव्हेंबरात गुरू नानक जयंतीला भारतानेही शीख जथ्याला वाघ्यावरून जाऊ दिले. म्हणजे मराठी मुलखातून अटक जिल्ह्यात पाऊल ठेवण्याची खरी शक्यता आजही आहे. पण ती पुण्याच्या पेशव्यांच्या वारसांना नसून नांदेडच्या शीख भाविकाला आहे. तो जातो, लंगरात जेवतो, परत येतो. त्याचा फ्लेक्स लागत नाही.

त्या भाविकालाही किल्ला पाहता येईलच असे नाही. व्हिसावर हसन अब्दाल लिहिलेले असेल तर जिल्हा तोच असूनही अटकेचा किल्ला हद्दीबाहेर. तो पाकिस्तानी लष्कराच्या ताब्यात असल्याने खुद्द पाकिस्तानी सहलकरीही तो लांबून, रस्त्यावरूनच पाहतात.

झेंड्याबाबतची तरतूद शेवटी. व्हिसाच्या आठ प्रकारांत राजनैतिक, शासकीय, व्यापारी, यात्रेकरू, पर्यटक, पाहुणा हे सगळे आहेत. झेंडा लावणारा हा प्रकार नाही. अर्जात ‘प्रवासाचा उद्देश’ या रकान्यात तसे लिहिल्यास अर्जदाराला ‘अटक’ या शब्दाचा मराठीतला दुसरा अर्थ समजण्याची शक्यता अधिक. पाटसच्या चौकातल्या झेंड्याला पासपोर्ट, व्हिसा, पोलिओचा डोस यांपैकी काही लागत नाही. नियमाने ग्रामपंचायतीची परवानगी तेवढी लागते. तिचा अर्ज आजवर कुणी केल्याचे चौकात कुणाला आठवत नाही.