आठ-आठ-आठ

जुन्या आग्रा रोडने ठाणं सोडायचं, बाळकुमनंतर खाडीवरचा पूल ओलांडायचा की आली कशेळी. पुढे काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा. दोन्ही अंगांना गोदामंच गोदामं. मुंबई-ठाण्यात दारावर येणाऱ्या खोक्यांपैकी कितीतरी आधी इथल्या रॅकवर मुक्काम करून गेलेली असतात.

या गोदामांत सगळ्यात जास्त लाड होतात ते फोर्कलिफ्टचे. सकाळी चावी फिरवण्याआधी तिला प्रदक्षिणा घालायची. टायर, काटे, मास्टची साखळी, हॉर्न, ब्रेक, कुठे तेलाचा ओघळ. रकान्यारकान्यात बरोबरची खूण आणि खाली ऑपरेटरची सही. सही करणारा स्वतः एका कटिंगवर आणि दोन खारींवर आलेला असतो. तो रात्री किती झोपला, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नसतो.

बॅटरीचा थाट तर आणखी वेगळा. लेड-ॲसिड बॅटरीचा जुना दंडक असा: आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास नुसतं थंड होणं. चार्ज वीस टक्क्यांच्या खाली उतरू द्यायचा नाही. डिस्टिल्ड वॉटर घालायचं ते चार्जिंग पुरं झाल्यावर, कारण आधी घातलं तर ॲसिड फुगून बाहेर सांडतं. इतक्या कौतुकाने आपल्याला जेवणानंतरचं पाणी कुणी विचारलंय?

गंमत म्हणजे हे आठ-आठ-आठ मुळात माणसासाठी मागितलं गेलं होतं. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती, ही एकोणिसाव्या शतकातली कामगारांची मागणी. आपल्याकडे तर नारायण मेघाजी लोखंड्यांना गिरणी कामगारांसाठी आठवड्याची एक सुट्टी मिळवायला 1884 पासून 1890 पर्यंत झगडावं लागलं. बॅटरीला मात्र कसलाही मोर्चा न काढता सगळं मिळालं. तिचा युक्तिवाद साधा होता: नाही दिलंत, तर मी बंद पडेन आणि नवी घ्यायला लागेल. माणूसही हेच म्हणतो, पण बदलीवाला फुकटात मिळतो.

म्हणून काही मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. आसपासच्या नव्या टॉवरांत 'फुल बॉडी चेकअप'ची पत्रकं दाराखालून आत येतात. साठ-सत्तर तपासण्या, वर एक मोफत. मग एखादा आकडा रेषेच्या अर्धा पॉइंट वर, ठळक अक्षरात. आणि कालपर्यंत लिफ्ट बंद असताना पाच मजले चढणारे काका आज सोफ्यावरून उठताना भिंत धरतात.

दुसऱ्या महायुद्धात वॉडिंग्टन नावाच्या जीवशास्त्रज्ञाला ब्रिटिश हवाई दलाच्या गस्ती विमानांत हेच दिसलं होतं. दर पन्नास तासांनी विमानाची सर्व्हिसिंग व्हायची आणि बिघाड सगळ्यात जास्त व्हायचे ते सर्व्हिसिंगनंतर लगेच! पुढे ते कमी होत जायचे. धडधाकट यंत्र उघडून पुन्हा बसवण्यातच नवे दोष शिरत होते. माणसांचंही फार वेगळं नाही. एरवी धडधाकट असलेल्यांच्या सरसकट तपासण्यांनी मृत्यू काही घटत नाहीत, असा निष्कर्ष वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2012 च्या एका मोठ्या आढाव्यात निघाला. रक्तदाब आणि साखर यांची गोष्ट वेगळी. ती आवाज न करता चढतात, तिथे काटा अधूनमधून बघायलाच हवा.

बाकी ठिकाणी मला आमच्या ओळखीच्या मिस्त्रींची रीत पटते. संशय आला तरी ते लगेच पाना काढत नाहीत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. खरखर आली तर उघडायचं, सूर सरळ असला तर चहा मागवायचा. 1816 मध्ये स्टेथोस्कोपच्या जनकाने, डॉक्टर लेनेकने, कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तीच ही विद्या. फक्त इथे सुरळीला ग्रीस लागलेलं असतं.

परवा ते जमिनीवरून उठले तेव्हा त्यांच्या गुडघ्याचा आवाज मला उभ्याने ऐकू आला.

"मिस्त्री, स्क्रूड्रायव्हर लावून बघा की तिथे एकदा."

"त्याला काय बघायचं, भाऊ? ग्रीस सुकलंय. दसऱ्याला बघू. तेव्हा सगळ्याच गाड्या उभ्या असतात."