नदीकाठचा कारंजेकर

कारंज्याच्या गुरुमंदिराबाहेर चहाच्या टपरीवर उभं राहिलं, की सांगली-कोल्हापूरकडचा भाविक लगेच ओळखू येतो. दर्शन झालेलं असतं, प्रसाद पोटात असतो, तरी तो काहीतरी हरवल्यासारखा चौफेर बघत असतो. शेवटी विचारतोच, "नदी कोणीकडं आली हो?" त्याचंही चूक नाही. औदुंबरला कृष्णा, नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगा, गाणगापूरला भीमा-अमरजा. दत्ताचं ठिकाण म्हटलं की घाट, नाव आणि ओलं धोतर ठरलेलंच. आमचा चहावाला गाळणी झटकत सांगतो, "नदी पाहाची असन तं पावसाळ्यात या, भाऊ."

तशी बेंबळा आमचीच. कारंज्याजवळच उगम पावते. पण उगमापाशी नदीचा रुबाब तो केवढा! तिला धरण बांधण्याइतकी प्रतिष्ठा मिळाली ती पार बाभुळगावाकडे, यवतमाळ जिल्ह्यात. मग ती वर्धेला मिळते. जन्म कारंज्यात घ्यायचा आणि कर्तृत्व बाहेरगावी दाखवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत दिसते. दत्तावतार मानल्या जाणाऱ्या नरसिंह सरस्वतींचं तेच झालं. परंपरेनुसार त्यांचा जन्म १३७८ सालचा. मुंजीपर्यंत ॐकाराशिवाय शब्द नाही, मुंज होताच तोंडून वेद, असं गुरुचरित्र सांगतं. मग काशीची वाट धरली. पुढे औदुंबरला एक चातुर्मास, वाडीला बारा वर्षं आणि शेवटी गाणगापूर. कोरड्या गावच्या या मुलाने मुक्कामाला एकेक काठ असा निवडला, की पाण्याचं मोल कुणाला कळतं ते वेगळं सांगायला नको.

त्यामुळे आम्ही कृष्णाकाठी जातो ते परगावी स्थिरावलेल्या घरच्या माणसाला भेटायला जावं तसे. मूर्तिजापूरला महाराष्ट्र एक्सप्रेस धरायची, दशम्या-ठेचा सोडायचा आणि वऱ्हाड संपून ऊस कधी दिसू लागतो याची वाट बघायची. भिलवडीला उतरलं की औदुंबर जवळच. पलीकडच्या काठावर भुवनेश्वरी.

पण खरी मौज नरसोबाच्या वाडीला. पावसाळ्यात कृष्णा पायऱ्या चढत चढत थेट गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला माणसं अंधारापासून रांग लावतात. हाच दक्षिणद्वार सोहळा. आमच्याकडे पाणी नळाला आलं की सोहळा, त्यांच्याकडे देवळात आलं की. सोबतच्या मामांचा जन्म कपाशीत गेलेला. ते हात जोडून उभे होते, पण ओठातून निघालं ते एवढंच : "इतकं पाणी वाया चाल्लं ना गा!"

पुढे खिद्रापूर. शिलाहारांच्या काळचं बाराव्या शतकातलं कोपेश्वराचं देऊळ. स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि मधोमध छताला गोल मोकळीक. तेवढं आभाळ खाली फरशीवर उतरतं आणि उन्हाबरोबर सरकत राहतं. शंकरासमोर नंदी मात्र नाही. तो म्हणे नदीपलीकडे यडूरला, कर्नाटकात. मालक एका राज्यात, वाहन दुसऱ्या राज्यात. मामांनी विचारलं, "मग टोल कोन भरते?"

या सगळ्या वाटेवर "कुठले?" या प्रश्नाला "कारंज्याचे" असं उत्तर दिलं, की समोरच्याचा चेहराच बदलतो. "महाराजांच्या गावचे!" असं म्हणून बसायला खुर्ची येते, कवठाच्या बर्फीचा तुकडा वजनाबाहेर हातावर पडतो. सहाशे वर्षांपूर्वी आमच्या गावात कोणी जन्मलं, यात आमचं कर्तृत्व शून्य. पण बर्फी आम्ही नाकारली नाही.

खिद्रापुरातच एका आजींच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकलो. भिंतीवर हात दाखवून त्या २०१९च्या पुराचं पाणी कुठवर होतं ते सांगत होत्या. जनावरं कशी हलवली, घर किती दिवस वाळत होतं, सगळं. मग आमच्या गावाची चौकशी केली. नदी नाही म्हटल्यावर पदर सावरून म्हणाल्या, "तुमचं बरं हाय बघा. सुखानं झोपता तरी."

पाण्याच्या बाबतीत कारंज्याचा कुणाला हेवा वाटावा, हे आम्ही जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. गावी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून मामांनी खिशातून मोबाइल काढला आणि आजींना तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं.