डोक्याला लावायचे नाही

बंदुकीचा पत्ता सरकारला ठाऊक असतो. परवान्यावर तिचा नंबर असतो, पोलीस ठाण्याच्या रजिस्टरात नोंद असते आणि १९५९चा शस्त्र अधिनियम तिच्या पाठीशी दंडुका घेऊन उभा असतो. तिच्या मागून घरात शिरणाऱ्या लटांबराला मात्र कुणी विचारत नाही. गज, ब्रश, तेलाच्या बाटल्या, चिंध्या यांना ना नंबर, ना नोंद. हे लटांबर आधी माजघरात रेंगाळतं, मग फडताळात शिरतं आणि एक दिवस स्वयंपाकघरात मुक्काम ठोकतं.

राजापूर तालुक्यातल्या एका बागायतदार काकांच्या घरी ते तीस वर्षं असंच भटकत होतं. काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर. हा बारा आकडा कुठून आला हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात : नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा घ्यावा, तसे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात. पाहुणा मान डोलावतो आणि चहाकडे वळतो. बंदुकीचं काम एकच, काजू-फणसावर उतरलेली वानरं पळवायला हवेत बार काढायचा. वानरं हल्ली काकांना दारात पाहिलं तरी निघून जातात. त्यामुळे त्या नळीतून आजवर गेलेला दारूगोळा आणि आजवर गेलेलं तेल यांचा हिशेब मांडला, तर तेलाचं पारडं कितीतरी खाली जाईल.

तेल लागतंच म्हणा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथे खिळ्यालाही गंज चढतो, मग पोलादी नळीची काय कथा! काकांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, तेव्हा तर हा सोहळा आणखी मोठा. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते आणि नळी आतून कुरतडते. ही राख तेलाने जात नाही, गरम पाण्यानेच जाते. म्हणून बार काढला त्या दिवशी बंबातलं पहिलं पाणी बंदुकीला, दुसरं आजोबांना आणि उरलंसुरलं बाकीच्या घराला. आंघोळीच्या क्रमात बंदुकीच्या मागे उभं राहावं लागलेल्या आत्या अजून ते बोलून दाखवतात.

काकांना ही सवय वारशाने मिळाली आणि शिस्त कॉलेजातल्या एनसीसीतून. तिथे नळी पुसायची चिंधी चार बाय दोन इंचांची आणि तेल द्यायची चार बाय दीड इंचाची, असं त्यांच्या डोक्यात कोरलं गेलेलं. ते माप रायफलीचं, बारा बोअरच्या बोगद्यात ती चिंधी हरवल्यासारखी फिरते. पण हुकूम तो हुकूम. एकदा फ्लॅनेल संपलं, तेव्हा काकांनी दोरीवर वाळत असलेलं एक पांढरंशुभ्र, मऊसूत फडकं उचललं, पट्टी ठेवून त्याचे चोवीस तुकडे पाडले आणि रबरबँड लावून फडताळात ठेवले. ते काकूंचं चक्का टांगायचं फडकं होतं. आणि दुसऱ्या दिवशी पाडवा होता.

श्रीखंडावाचूनच्या त्या पाडव्यानंतर काकूंनी मोहीम हाती घेतली. घरातली प्रत्येक वस्तू तिच्या जागी, हे व्रत त्यांनी पापडाच्या पिठापासून विजेच्या बिलांपर्यंत पाळलेलं. बंदुकीच्या सामानाला त्यांनी जुना, झाकणाला पोचा आलेला मिसळणाचा डबा दिला. सात वाट्यांत सात गोष्टी. मोहरीच्या जागी फॉस्फर ब्राँझचा ब्रश, कारण हा धातू पोलादापेक्षा मऊ, नळीला ओरखडा काढत नाही. हळदीच्या वाटीत लोकरीचा बोळा. हिंगाच्या वाटीत गजाच्या टोकाला लावायचे पितळी आटे. उरलेल्या वाट्यांत मापाच्या चिंध्या, जुना दातांचा ब्रश, छोटा पेचकस आणि मधल्या वाटीत दमट हवा शोषणारे सिलिका जेलचे निळे दाणे. ते गुलाबी झाले की समजायचं, पोट भरलं. ते डब्यात ठेवतानाच काकूंनी बजावलं, “माझ्या तव्यावर भाजायचे नाहीत.” काडतुसं या डब्याच्या आसपासही नाहीत. ती दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या कुलपात, आणि साफसफाईच्या वेळी त्या खोलीतही नाहीत. या बाबतीत काकांचा कडवेपणा काकूंच्या वरचढ.

प्रश्न राहिला बाटल्यांचा. अमेरिकेतला पुतण्या तिकडच्या ‘हॉप्पेज नंबर नाइन’चं कौतुक सांगतो. १९०३पासून विकलं जाणारं हे नळी धुवायचं द्रावण, वासाला म्हणे पिकल्या केळ्यासारखं. पण पेट घेणारी बाटली विमानात नेऊ देत नाहीत, त्यामुळे काकांच्या वाट्याला दरवर्षी फक्त केळ्याचं वर्णन येतं. ते रॉकेलने कीट काढतात आणि वर शिलाई मशीनचं तेल देतात. हे तेल त्यांनी सोयीसाठी खोबरेलाच्या रिकाम्या निळ्या बाटलीत भरून ठेवलं होतं. जावई मे महिन्यात आंब्यांना आले, सकाळी उठले, आरशासमोर उभे राहिले आणि डोक्याला चांगलं चोपडून बाहेर पडले. दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग नात त्यांच्या मांडीवर बसली आणि म्हणाली, “बाबांना मशीनचा वास येतो.”

ती बाटली मोडीत गेली. नवी मूळ डब्यासकट फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर चढली आणि काकूंनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची पट्टी तिच्यावर चिकटवली : ‘बंदुकीचे. डोक्याला लावायचे नाही.’

चामड्याचं कव्हरही त्यांनीच हद्दपार केलं. काका बंदूक त्यात घालून ठेवायचे आणि श्रावणात काढायचे, तेव्हा कव्हरला हिरवी लव आणि नळीला तांबडे ठिपके. चामडं ओल धरून बसतं आणि कमावताना त्यात मुरलेली द्रव्यं पोलादाला लागतात. बंदुकीला प्रवासात कव्हर, घरात मोकळी हवा. काका म्हणाले, “एवढं महागाचं कव्हर!” त्यात आता छत्र्या राहतात.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. काकांनी लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चोळलं आणि फडक्याचा बोळा करून खोक्यात कोंबला. तासाभराने काकूंनी खोकं हलवायला हात घातला. “अहो, हे फडकं गरम कसं?” जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं, बोळ्यातून ती बाहेर पडू शकत नाही आणि काडी न लावता फडकं पेटू शकतं. मशीनच्या तेलाचं तसं होत नाही, म्हणून काका बेसावध. तेव्हापासून जवसाची फडकी परसात दोरीवर एकेक उलगडून पसरतात, कडक वाळेपर्यंत. आमसुलांपासून दहा हात लांब, हे सांगायला नकोच.

एवढी नेटकी व्यवस्था लागली आणि बंदूकच घरात नाही, असा प्रसंग दर पाच वर्षांनी येऊ लागला. विधानसभेची निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. २००९, २०१४ आणि २०१९, तिन्ही वेळा आचारसंहिता दसऱ्याच्या आधी लागली. खंडेनवमीला घरोघरी शस्त्रं पुजायची आणि काकांचं एकुलतं एक शस्त्र सरकारी कोठडीत! पहिल्या दोन खेपा त्यांनी कोयती-विळीवर भागवल्या. २०१९च्या खंडेनवमीला, ७ ऑक्टोबरला, काकूंनी पाटावर मिसळणाचा डबा मांडला, वर गज आडवा ठेवला, झेंडू वाहिले आणि प्रत्येक वाटीला हळदकुंकू लावलं. शेवटी देवघरातून ठाण्याची पोचपावती आणली आणि तिलाही बोट टेकवलं.

निकालानंतर काका बंदूक आणायला गेले. टेबलामागच्या हवालदारांनी पावती उलटसुलट पाहिली. कुंकवाच्या तेलकट डागावर शिक्का काही केल्या उमटेना. दोनदा मारून पाहिला, तिसऱ्यांदा जोर लावून मारला, मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. काकांनी तो तत्परतेने थांबवला आणि सदऱ्याच्या खिशातून चार बाय दोनची एक चिंधी पुढे केली.