माल्टाची प्रदक्षिणा
माल्टाचं मुख्य बेट २४६ चौरस किलोमीटरचं. मुंबईत असं एक सहज मावेल. पण बसने एम्दिना हे जुनं शहर बघायला निघा, बेट वाढतच जातं. राजधानी व्हॅलेटाच्या ट्रायटन कारंज्यापाशी गाड्या ओळीने उभ्या. पुढच्या स्टॉपवर मात्र हात केला नाही तर गाडी सुसाट. हात केलात तरी भरलेली गाडी थांबेलच असं नाही. ड्रायव्हर नुसती मान हलवतो. २०२२च्या ऑक्टोबरपासून बसकार्डवाल्या रहिवाशांना प्रवास फुकट. तिकीट पाहुण्यांनी काढायचं. त्यावर दोन तासांत गाड्या बदलायची मुभा. ट्रॅफिकमध्ये अडकलात तर मागे दुसरी असतेच, तीही अडकलेली. जुन्या पिवळ्या बस २०११ साली निवृत्त झाल्या. आता त्या फ्रिजच्या चुंबकांवर मिळतात, हव्या तेव्हा, वाट न बघता.