वामेचा रहिवासी दाखला

आषाढात धापेवाड्याच्या विठोबाकडे माणसांची वारी निघते. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर पाण्यातही एक वारी निघते, पण तिची नोंद कुठल्याच दिंडीत नाही. वाम ही सापासारखी दिसणारी मासोळी समुद्रात जन्मते, नदीत चढून मोठी होते आणि अंडी घालायला पुन्हा समुद्रात जाते. गोदावरीच्या झिंग्याचंही तसंच. त्याच्या पिल्लांना सुरुवातीला खाडीचं मचूळ पाणी लागतं, मग ती वर चढतात. गोदावरी, प्राणहिता, वैनगंगा, कन्हान, कोलार आणि मग आपल्या कळमेश्वरची चंद्रभागा, असा हा रस्ता.

रस्त्यात धरणं आहेत. म्हणून समजा, वाम एखाद्या कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली.

‘जन्म कुठला?’

‘समुद्रातला, साहेब.’

‘मग महाराष्ट्राचा रहिवासी दाखला कसा मिळेल? प्रकल्पग्रस्त असाल तर सातबारा जोडा.’

नदीच्या तळाचा सातबारा कोणता तलाठी देणार जी?

याच वाटेवर, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. धरणाला 33 दरवाजे आहेत, त्यातला माशाच्या चढणीसाठी एकही नाही. या भिंतीवर चढून दाखवलं ते एकट्या खर्चानं! 372 कोटींवरून निघाला आणि 18 हजार कोटींच्या वर गेला. त्याला कुणी दाखला मागितला नाही.

खाली तेलंगणात मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब ऑक्टोबर 2023 मध्ये खचले. चौकशीची मागणी झाली. माशांनी मात्र, आपल्यासाठीच कुणीतरी प्रयत्न केला, असं समजून आभार मानले असतील.

अगदीच कुणाला दया येत नाही असं नाही. आंध्रात पोलावरमच्या सांडव्यात माशांसाठी वाट ठेवली आहे. कारण पुलसा मासा! मंगळसूत्र विकून पुलसा खावा, अशी तिकडची म्हण. ज्या माशाला जिभेचा वशिला, त्याला जिना. आमची वाम बिचारी ढिवराच्या जाळ्यात सापडली तरच आठवते. तिला खरं तर जिनाही नको. ओला, खडबडीत उतार असला की ती अंग घासत वर चढते. युरोपात ब्रशसारखे केस लावलेले असे उतार बांधांना जोडतात. 18 हजार कोटींत दोन-चार ब्रश बसले असते.

आमच्याकडचा उपाय वेगळा. जलाशयात रोहू-कतल्याचं बीज सोडायचं, फोटो काढायचा आणि ‘मत्स्यविकास’ लिहून फाइल बंद करायची. नदीचा मासा गेला, तर हौदाचा आणला.

तेव्हा मासोळी खायची असेल तर बाजारात आंध्रातून बर्फात आलेली घ्या. ती ट्रकनं आली, म्हणून पोचली.