ओप्पा म्हणजे आतेभाऊ

आमच्या घरात रात्री नऊ ते साडेदहा मी दुभाषी असते. मानधन नाही, मधला चहाही मीच करायचा. सासूबाई ब्याऐंशीच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, कान तिखट, इंग्रजी शून्य. पडद्यावर माणसं कोरियनमध्ये बोलतात, खाली इंग्रजी ओळी पळतात, आणि त्या पळायच्या आत त्यांचं मराठी करून मी सासूबाईंच्या उजव्या कानात सोडते. हिंदीत डब केलेलंही मिळतं, पण ते त्यांनी दहा मिनिटांत बंद करायला लावलं. "ती रडतेय केवढी, आणि आवाज बघ, साबण विकल्यासारखा!"

हे लोढणं माझ्या गळ्यात मुलीने बांधलं. दिवाळीला बेंगळुरूहून आली आणि 'क्रॅश लँडिंग ऑन यू' लावून बसली. दक्षिण कोरियातली एक बडी उद्योजिका पॅराग्लायडिंग करताना वावटळीत सापडते, सीमेपलीकडे उत्तर कोरियाच्या बाजूला झाडावर लटकते आणि तिथून थेट एका लष्करी कॅप्टनच्या अंगावर पडते. "वाऱ्याने? एवढं लांब?" सासूबाईंनी जपमाळ थांबवून विचारलं. "आजी, पुढे बघ तरी," मुलगी म्हणाली. भाऊबीज झाली, मुलगी आम्हाला पाचव्या भागावर सोडून निघून गेली आणि पासवर्ड मागे राहिला.

गोष्ट सोळा भागांत संपते, यावर सासूबाईंचा विश्वासच बसेना. 'चार दिवस सासूचे' या मालिकेचे तीन हजारांवर भाग निघाले होते, आणि त्या काळात आमच्याकडे त्या वेळेला वरण उतू गेलं तरी कुणी उठत नसे. तिकडच्या वाहिन्यांवर साधारणपणे आठवड्याला दोन रात्री, असे आठ आठवडे, की खेळ खलास. "मग बाकीचं वर्षभर ती माणसं करतात काय?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

दुभाषाचं काम सोपं नाही. पहिला पेच पडला तो 'ओप्पा' या शब्दाचा. मुलीने थोरल्या भावाला मारायची ही हाक, आणि प्रियकरालाही तीच. नायिका पावसात भिजत, डोळ्यांत पाणी आणून 'ओप्पा' म्हणाली आणि माझ्या तोंडून बेसावधपणे निघून गेलं, "दादा, मला सोडून जाऊ नकोस." पुढच्याच मिनिटाला दादाने तिला मिठीत घेतलं. सासूबाईंची माळ मांडीवर पडली. मी घाईघाईने सारवासारव करायला गेले, पण त्यांनीच हात वर केला. "आतेभाऊ असेल. आमच्याकडे चालतं." त्या कोल्हापूरकडच्या. तेव्हापासून आमच्या घरात ओप्पा म्हणजे आतेभाऊ, आणि मालिकांमधले नातेसंबंध एकदम सोज्ज्वळ झाले.

मुलगा थोरल्या बहिणीला 'नूना' म्हणतो आणि वयाने मोठ्या प्रेयसीलाही. 2018 सालची एक मालिका इंग्रजीत 'समथिंग इन द रेन' म्हणून ओळखली जाते, पण तिचं मूळ कोरियन नाव जसंच्या तसं मराठीत आणलं तर होतं, 'जेवायला घालणारी सुंदर ताई'. हे नाव घेऊन आपल्याकडे कुणी मालिका काढली, तर लोक ती पाककृतींचा कार्यक्रम समजून लावतील. 'गॉब्लिन'मधली शाळकरी नायिका तर नायकाला 'अजॉशी', म्हणजे काका म्हणते. काकांचं वय 939 वर्षं. त्यांच्या छातीत तलवार रुतलेली आहे आणि ती फक्त त्यांच्या नवरीलाच उपसता येणार आहे. एवढं सगळं मी एका दमात सांगितल्यावर सासूबाईंनी एकच शंका काढली, "वयाचं जाऊ दे गं. बिजवर तर नाही ना?"

आता माझं मत सांगते, कारण रोज दीड तास घसा कोरडा करणाऱ्या बाईला मत असण्याचा हक्क आहे. या मालिका प्रेमाच्या नाहीतच, जेवणाच्या आहेत. कोरियन माणूस भेटल्यावर 'कसा आहेस' याच्याआधी 'जेवलास का' विचारतो. शिजलेल्या भाताला आणि एकूण जेवणालाही त्यांच्याकडे एकच शब्द, तो ऐकायला थेट आपल्या 'बाप'सारखा. त्यामुळे पडद्यावर सारखं कुणीतरी कुणालातरी बाप खाल्लास का, बाप न खाता कुठे निघालास, चल तुला बाप खाऊ घालतो, असं म्हणत असतं. नायक कंपनीत दिवाळखोरी आलेली असताना जेवतो, नायिका हॉस्पिटलच्या बाकावर जेवते. भांडण असलं की नूडल्स पातेल्यातूनच ओढून खायच्या, झाकणाची ताटली करून. 'क्रॅश लँडिंग'मधल्या कॅप्टनवर आम्ही दोघी भाळलो त्या त्याच्या गालावरच्या खळीमुळे नव्हे (असं सासूबाई म्हणतात, मी आपली गप्प बसते). तो तिच्यासाठी नूडल्स घरी करतो, कॉफीच्या बिया स्वतः भाजतो. ती सुवासिक मेणबत्ती मागते, तर हा भाबडेपणाने साधीच आणून देतो. पुढे गर्दीच्या बाजारात संध्याकाळी ती हरवते, रडकुंडीला येते, आणि तेवढ्यात डोक्यांच्या समुद्रावर एक हात वर आलेला दिसतो. त्या हातात पेटवलेली मेणबत्ती. या खेपेला सुवासिक. संवाद जवळजवळ नाहीच, त्यामुळे दुभाषाला सुट्टी होती. मी पदराने डोळे पुसून घेतले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या यांना मी वाती आणायला सांगितल्या, तर काडेपेटी घेऊन आले होते. परत गेले नाहीत."

दोष नाहीत असं नाही. ढिगाने आहेत. पहिला म्हणजे ट्रक. नायक-नायिकेचं जमलं, दोघं हसत रस्ता ओलांडू लागली, की वळणावरून ट्रक आलाच. ड्रायव्हर कोण, परवाना कुणाचा, काही कळत नाही. "त्यापेक्षा आपले एसटीवाले बरे," इति सासूबाई. ट्रक लागला की स्मृती जाते. 2002 सालच्या 'विंटर सोनाटा'त नायकाची स्मृती एका अपघातात जाते, दुसऱ्या अपघातात परत येते, मधेच दोघं सावत्र भावंडं असल्याचा घोळ निघतो, आणि शेवटाला तो आंधळा होतो. वीस भागांत एवढं सगळं. ही मालिका जपानमध्ये लागली तेव्हा तिथल्या मध्यमवयीन बायका अशा वेड्या झाल्या की चित्रीकरण झालेल्या नामी बेटावरच्या झाडांच्या रांगा बघायला जहाजं-विमानं भरून गेल्या. नायकाचं काम करणाऱ्या नटाला त्या आदराने 'योनसामा' म्हणत. मला त्या बायकांचं मुळीच नवल वाटत नाही. स्वित्झर्लंडमधल्या इझेल्टवाल्ट गावात कॅप्टनने तळ्याकाठी पियानो वाजवला, तर त्या धक्क्यावर एवढी गर्दी लोटली की गावाने फिरतं फाटक बसवून माणशी पाच फ्रँक घ्यायला सुरुवात केली. आमच्या दोघींचे दहा झाले असते.

दुसरा दोष म्हणजे मुलाची आई. अब्जाधीश घराणं, मोत्यांचा सर, समोर गरीब नायिका. आई पर्समधून पांढरं पाकीट काढून टेबलावर सरकवते, ते परत आलं की ग्लासातलं पाणी नायिकेच्या तोंडावर. सासूबाई या प्रसंगी माझ्याकडे बघत नाहीत, मीही त्यांच्याकडे बघत नाही. पण मागे एकदा अशा बाईला दाराबाहेर काढल्यावर नायिकेकडच्यांनी उंबऱ्यावर मूठभर मीठ फेकलं. नकोसा पाहुणा गेला की तिथे तशी पद्धत आहे. सासूबाई खूश. "बघ, दृष्ट काढतात! आपलीच माणसं आहेत. फक्त मोहऱ्या घालत नाहीत."

'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' मात्र मी सहाव्या भागाला बंद केली. नायक श्रीमंत बापाचा दांडगट पोरगा. ज्याच्या लॉकरवर हा लाल कार्ड लावेल, त्याचा अख्ख्या शाळेने छळ करायचा. नायिकेचं मनगट धरून हा तिला फरपटत नेतो, आणि मागे व्हायोलिनं वाजतात. योको कामिओ यांच्या जपानी चित्रकथेवरून 2001 मध्ये तैवानने, 2005 मध्ये जपानने, 2009 मध्ये कोरियाने आणि 2018 मध्ये चीनने मालिका काढली. एकाच गुंडाला चार देशांनी नायक केलं! आणि त्याच गोष्टीतला दुसरा, मवाळ मुलगा, जो छत्री धरतो, ऐकून घेतो, तो शेवटी एकटाच. दुसऱ्या नायकावरचा हा अन्याय आशिया खंडात सर्वत्र सारखा आहे. अलीकडच्या मालिकांत मनगटं कमी ओढतात, हे कबूल केलं पाहिजे.

सध्या आमच्याकडे 'व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स' चालू आहे. 2025 ची. जेजू बेटावरच्या एका पाणबुड्या बाईची मुलगी एसुन आणि मासे विकणारा, तोंडातून शब्द न काढणारा ग्वान-सिक. मूळ नाव जेजूच्या बोलीत आहे, अर्थ 'फार कष्ट घेतलेत'. गंमत अशी की सोलच्या माणसाच्या कानाला तेच शब्द 'पुरते फसलात' असे लागतात. "संसाराच्या बाबतीत दोन्ही एकच," सासूबाई म्हणाल्या आणि हसल्या.

नंतर मात्र हसल्या नाहीत. लग्नानंतर सासरी जेवणाचा प्रसंग आहे. पुरुषांचं आणि थोरल्यांचं पान वेगळं, बायकांचं वेगळं, नवी सून खालच्या टोकाला. ग्वान-सिक पुरुषांच्या पंगतीत बसलेला. तो काही बोलत नाही. बसल्या जागी फिरतो, वडीलधाऱ्यांकडे पाठ करतो आणि बायकोच्या समोर तोंड करून जेवायला लागतो. बस्स, एवढंच.

सासूबाई म्हणाल्या, "मागे घे."

मी म्हटलं, "आई, यात सांगण्यासारखं काही नाही. कुणी बोललंच नाहीये."

"माहीत आहे. मागे घे."

मी तीनदा मागे घेतलं. त्यांच्या सासरी बायकांची पंगत दुपारी तीनला बसायची आणि तोवर आमटीत फोडी उरलेल्या नसायच्या, हे त्यांनी मला आजवर कितीदा सांगितलंय. त्या रात्री सांगितलं नाही. माळ उशाखाली ठेवली आणि झोपायला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात येऊन माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "पेपर ठेव. ती एकटी चहा पितेय, दिसत नाही?" पेपरवाला पुरुष कोरियन नव्हता, तरी उठला.

आम्ही आता तेराव्या भागावर आहोत. आमच्या सोसायटीतल्या ज्यांनी पुढचं पाहिलं असेल, त्यांनी लिफ्टमध्ये शेवट सांगू नये. ग्वान-सिकचं काय होतं, तो म्हातारपणी दिसतो का, काहीही नको. आणि नऊ ते साडेदहा फोन करू नका. सासूबाई उचलणार नाहीत, आणि माझं तोंड रिकामं नसतं.